आधी दुसऱ्याची बाजू

बाबा गेल्यानंतर घरात पहिली बैठक भरली, त्या रविवारी सकाळी दादा सगळ्यांच्या आधी आला, बाबांची खुर्ची त्याने ओल्या फडक्याने पुसली आणि तीत बसला. वहिनी दारातून म्हणाली, "अहो, डुगडुगते ती. पाठ धरेल तुमची."

"बाबांची कधी धरली नाही."

"बाबा बसायचे कुठे? ते उभ्यानेच भांडायचे."

वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं काय बोलतात यापेक्षा कशी बसतात याकडे तिचं लक्ष जास्त असतं, आणि आमच्या घराचं तिच्याइतकं नेमकं निदान दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही. बाबा खरंच बसत नसत. दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून ते घरी आले, की लांब टेबलाच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला हरकतकाका, मध्ये तालमूदचा, आम्हा यहुद्यांच्या कायद्याच्या जुन्या वादग्रंथाचा, एक जाडजूड खंड उघडा, आणि पहिलं पान उलटायच्या आत दोघेही उभे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, भाऊबंदकी पेटली आहे. प्रत्यक्षात वाद असायचा तो पार जुन्या काळी कुणाच्या तरी बैलाने कुणाच्या तरी गाईला शिंग मारलं त्याचा.

हरकतकाका, बाबांचे मित्र, आयुष्यभर विमा कंपनीत होते. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या मोटारी बघून यायचं आणि भरपाई का देता येणार नाही ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ती कला वाया जाऊ नये म्हणून देवाने त्यांना बाबांसमोर आणून बसवलं असावं. बाबांनी काहीही म्हटलं की काकांचा हात वर जाई: "हरकत." आजही ते आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. त्यांच्या बाजूचं वार्निश दोन कोपरांच्या आकारात उडालेलं आहे.

बैठकीचा नियमही बाबांचाच. तालमूदमध्ये पंडितांची दोन घराणी आहेत, वर्षानुवर्षं एकमेकांशी वाद घालणारी. शेवटी त्यातल्या एकाचं म्हणणं मान्य झालं. ते जास्त हुशार होते म्हणून नव्हे. ते मऊ बोलायचे, आणि आपलं सांगण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगायचे, म्हणून. बाबांनी हे वाचलं आणि घराला कायदा लावून टाकला. तक्रार असेल तर आधी दुसऱ्याची बाजू मांडायची. त्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं कबूल करेपर्यंत मांडत राहायची. मगच स्वतःसाठी तोंड उघडायचं. लहानपणी एकदा बारक्या, म्हणजे आमचा धाकटा, दादाने सायकल मोडल्याची तक्रार घेऊन आला, आणि दादाची बाजू त्याने इतका जीव ओतून मांडली की शेवटी स्वतःलाच दोषी ठरवून तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. सायकल दादानेच मोडली होती. बाबांना मात्र नियमाचा फार अभिमान वाटला.

त्या रविवारचा विषय एकच होता: आईने आता कुठे राहायचं.

दादाचं म्हणणं, तिने त्याच्याकडे यावं. बाराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, वेगळी खोली आहे. बारक्याचं म्हणणं, आईने इथेच राहावं आणि त्याने बायकोमुलांसह इथे राहायला यावं. आई कुठे राहणार हे ठरवायला आम्ही जमलो होतो, आणि दादाने त्या खोलीला रंगारी आधीच लावला होता. बारक्यानेही भाड्याची जागा सोडत असल्याचं घरमालकाला कळवून टाकलं होतं. आमच्या घरात चर्चा नेहमी मोकळ्या मनाने होते.

माझं म्हणणं, काहीच बदलू नये. आई इथे, टेबल इथे, खंड फडताळात, खुर्ची खिडकीशी. मी अधूनमधून येईन. मला ही बाजू इतकी निःस्वार्थी वाटत होती की तिला बाजू म्हणतात हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात होती. "तुम्ही करा तुमचं," म्हणाली होती.

*

"सुरुवात एका गोष्टीने करू," दादा म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली. त्याला आता सगळेच ओळखतात: 'तालमूदची गुरुकिल्ली' हे शिबिर तो घेतो. हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात, गळ्यात बिल्ले अडकवलेल्या साहेब लोकांसाठी. दोन सत्रं, मध्ये जेवण, शेवटी प्रमाणपत्र. ज्या वादांचा निकाल लावायला पिढ्या पुरल्या नाहीत, ते दादा जेवणाच्या आधी संपवतो.

"एक भट्टी होती," तो म्हणाला.

"झालं," बारक्या पुटपुटला.

"भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद झाला. एक म्हातारा रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एका बाजूला, बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला. म्हातारा म्हणाला, माझं खरं असेल तर ते झाड सांगेल. झाड उपटून दूर जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाडाचा पुरावा चालत नाही. तो म्हणाला, ओढा सांगेल. ओढा उलटा वाहायला लागला. म्हणाले, ओढ्याचाही नाही. मग भिंती झुकल्या. शेवटी आकाशातून आवाज आला, अरे, त्याचंच खरं आहे. तेव्हा बाकीचे काय म्हणाले? कायदा आता आकाशात नाही. तो आपल्याला दिलेला आहे, बहुमताने ठरेल. आणि देव हसला. म्हणाला, पोरांनी हरवलं मला." दादा थांबला. शिबिरात इथे टाळ्या पडत असाव्यात. "यातून आपण काय शिकतो? टीमवर्क."

हरकतकाकांचा हात वर गेला. "हरकत. सत्य एकीकडे आणि बहुमत दुसरीकडे, याला तू टीमवर्क म्हणतोस?"

"काका, लोकांना आजच्या जगण्यात उपयोगी पडेल असं सांगावं लागतं."

"तुझे बाबा म्हणायचे..."

"माहीत आहे मला काय म्हणायचे."

सगळ्यांनाच माहीत होतं. बाबा एकदा दादाच्या शिबिराला जाऊन शेवटच्या रांगेत बसले होते. प्रश्नोत्तरांत त्यांनी हात वर केला आणि एकच प्रश्न विचारला. तो इतका लांबला की बाहेर जेवण गार झालं. घरी येऊन म्हणाले, "औषधाच्या गोळ्या विकतोय तो. त्याही साखरेच्या." त्यानंतर ते दादाशी बोलले नाहीत. दादाही बोलला नाही. फोन आला की आई घ्यायची. इकडचं तिकडे सांगायची, आणि सांगताना त्यातले काटे काढून ठेवायची. ते असंच चाललं होतं आणि एका सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना बाबा पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

"आई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने बारक्याकडे," दादा म्हणाला. "यालाही आधार आहे. दोघांनी एकच वस्त्र धरलंय, एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो सगळं माझं. काय करायचं? अर्धं-अर्धं."

"अर्धं-अर्धं, पण आधी दोघांनी शपथ घ्यायची," काका म्हणाले. "तो भाग तू गाळतोस."

"मुळात आई म्हणजे वस्त्र नाही," वहिनी म्हणाली, आणि कप गोळा करून आत गेली.

*

नियमाप्रमाणे आधी बारक्याने दादाची बाजू मांडायची होती.

आता मी बारक्याच्या बाजूने सांगते. तो दुकान चालवतो. बाबांच्या हाताखाली शिकला. समोरच्या माणसाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं सरकवायची आणि विचारायचं, आता बरं की आधीचं बरं? बाबांचं वाक्य होतं ते. "घाई नाही. नीट बघून सांगा." माणूस 'आता बरं' म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा कसा सैल होतो, हे बारक्या वर्षानुवर्षं बघत आलाय. तेव्हा दादाच्या डोळ्याला बसेल असं भिंग त्याला फार शोधावं लागलं नाही.

"दादाचं म्हणणं," तो टेबलाकडे बघत म्हणाला, "की इथला जिना उंच आहे आणि आईचे गुडघे गेलेत."

"ते आहेच," दादा म्हणाला. "पुढे?"

"काही झालं तर इथे हाकेला कुणी नाही. तिकडे डॉक्टर त्याच इमारतीत आहे."

"बरोबर. पण अजून हेच माझं म्हणणं असं मी म्हणणार नाही."

बारक्याने वर बघितलं. "दादाचं म्हणणं, की बाबांशी बोलायचं राहून गेलं. आई तरी घरात असावी. रोज सकाळी उठून तिला दिसावं, की हा माणूस इतका वाईट नाही."

दादाने बोटांची जुळणी सोडली. खुर्ची डुगडुगली. तो म्हणाला, "हो. हेच माझं म्हणणं."

आता दादाची पाळी. दादा शिबिरं घेतो म्हणून त्याला मन नाही असं आम्ही सोयीसाठी समजतो. त्याने बारक्याची बाजू मांडली ती कुठल्याही स्लाइडवर नव्हती. "बारक्या इथून गेलाच नाही," तो म्हणाला. "मी गेलो, ही गेली. आम्ही परत आलो की कौतुक व्हायचं. जो गेलाच नाही त्याच्या येण्याचं कौतुक कसं होणार? दुकानाचं शटर, बाबांच्या गोळ्या, गळका नळ, सगळं याच्याकडे. त्याला इथे राहायला यायचंय ते घरासाठी नाही. कुणीतरी एकदा दार उघडून म्हणावं, आलास का रे, एवढ्यासाठी."

बारक्याने नाक पुसलं. "हो," म्हणाला. "हेच."

हरकतकाकांनी हात वर करायला घेतला आणि चष्मा नीट करण्यावर भागवलं.

बाबा असते तर इथे त्यांनी खंड मिटून बैठक संपवली असती. आम्ही संपवली नाही. दादा उठला आणि म्हणाला, "झालं तर मग. आईने इथेच राहावं, बारक्यापाशी."

"नाही," बारक्या म्हणाला. "ते जमायचं नाही. तिने तुझ्याकडेच यावं."

"अरे, तुझी जागा सुटलीय!"

"आणि तुझी रंगवून झालीय!"

"रंगाचं काय घेऊन बसलास? तुझा हक्क आहे तो!"

"मला नको माझा हक्क! तुझं म्हणणं जास्त बरोबर आहे!"

दोघेही आता उभे होते, आवाज रस्त्यापर्यंत जात होते, आणि वाद अगदी पहिल्याइतकाच कडाक्याचा होता, फक्त माणसं जागा बदलून उभी होती. दुसऱ्याची बाजू समजून घेण्याचं असं फळ जगात आणखी कुठल्या घरात आलं असेल असं मला वाटत नाही.

"तू बोल," दादा माझ्यावर वळला. "बहुमत तुझ्यावर आहे."

"मला वाटतं, कुणीच इथे येऊ नये आणि कुणीच जाऊ नये," मी म्हणाले.

"म्हणजे तिसरंच!"

"हरकत," काका म्हणाले. आवाजात जीव आला होता. "आता पुन्हा एकमेकांची बाजू मांडा. नवी बाजू."

"नका हो काका," आतून वहिनी ओरडली. "पुन्हा पहिल्या जागी येतील."

काकांचीही बाजू मांडायला हवी. बाबा गेल्यावर दादाने मोठ्या मनाने त्यांना सांगितलं होतं, "काका, बाबांच्या जागी मी बसतो तुमच्यासमोर." दोनदा बसला. काका जे म्हणत त्यावर दादा म्हणे, "वा काका, अगदी बरोबर." तिसऱ्यांदा काकांनी पुस्तक उघडलंच नाही. मला म्हणाले, "आपल्याच पोथ्यांत आहे बघ. एका थोर गुरूचा वादातला जोडीदार मेला. लोकांनी दुसरा पाठवला, चांगला विद्वान. तो प्रत्येक वाक्याला आधार शोधून द्यायचा. म्हणायचा, आपलं बरोबर आहे. गुरू म्हणाले, माझं बरोबर आहे हे मला कळत नाही का? माझा माणूस प्रत्येक वाक्यावर दोन डझन हरकती घ्यायचा. आणि मग रस्त्यावर त्याला हाका मारत फिरले."

"मग काय झालं त्यांचं?" मी विचारलं होतं. मला माहीत होतं.

"वेड लागलं," काका म्हणाले होते, आणि टोपी शोधायला लागले होते. ती डोक्यावरच होती.

*

स्वयंपाकघरात वहिनी कप विसळत होती आणि आई पुसत होती. पुढचं मला वहिनीने नंतर सांगितलं, तेव्हा ते तिच्याच नजरेने.

बाहेर आवाज चढत होते. एरवी पुढच्या खोलीतला आवाज चढला की आईचे खांदे कानांकडे चढायचे. इतक्या वर्षांत वहिनीला ते पाठ झालं होतं. लग्नानंतर तिने एकदा विचारलंही होतं, "आई, मानेला व्यायाम सांगू का?" आई म्हणाली होती, "मानेचं काही नाही गं. बाहेरच्यांचं आहे." आज खांदे खाली होते. आणि आई हसत होती. आवाज न करता, कप पोटाशी धरून.

"काय झालं?"

"काही नाही. दादा म्हणतोय बारक्याकडे राहा, बारक्या म्हणतोय दादाकडे. मी आता दोघांनाही नकोय असं दिसतंय."

"तसं नाही हो आई."

"मला काही वाईट वाटत नाहीये," आई म्हणाली. "बरंच वाटतंय."

वहिनीने नळ बंद केला. "आई, तुम्हाला काय हवंय?"

आईने कप खाली ठेवला, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. चष्मा जुना होता, नंबर केव्हाच बदललेला. चष्मेवाल्याच्या बायकोचे डोळे तपासायचे राहून गेले होते.

"हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मग वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आईंची बाजू कुणी मांडली?"

दादा आणि बारक्या दोघेही आपापल्या जागी बसले.

*

आई येऊन बसली. बाबांच्या खुर्चीतून दादा उठायला लागला तर तिने हातानेच नको म्हटलं आणि भिंतीकडच्या बाकावर टेकली. मी आठवून बघितलं. त्या टेबलाशी मी तिला बसलेली कधी पाहिली नव्हती. ती ट्रे घेऊन यायची.

"मांडा," म्हणाली. "नियम आहे ना?"

दादा सरसावला. "आईचं म्हणणं, तिला एकटीला भीती वाटते, पण तसं सांगून आम्हाला काळजीत टाकायचं नाही."

"नाही," आई म्हणाली.

"तिला नातवंडांत रमायचंय," बारक्या म्हणाला.

"नातवंडं गोड आहेत. नाही."

"वहिनीसाहेबांना," हरकतकाका सावकाश म्हणाले, "मी रोज दुपारी येऊन बसतो त्याचा त्रास होतो."

"भाऊजी, तुमचा त्रास होतो, पण तुम्ही आला नाहीत तर मी घड्याळ बघते. नाही."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी या घरातली वाचणारी. प्रकाशनसंस्थेत दुसऱ्यांची प्रुफं तपासते, दुसऱ्यांच्या वाक्यांत नेमकं काय म्हणायचं होतं ते ओळखायचा मला पगार मिळतो. मी पूर्ण वाक्य मनात जुळवलं आणि म्हणाले, "आईला इथून हलायचं नाही. कारण या खोलीत बाबा आहेत. त्या खुर्चीत, खंडांत, टेबलाच्या या डागांत. इथलं काही हललं तर ते दुसऱ्यांदा जातील."

वाक्य चांगलं होतं.

"नाही," आई म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "ती तुझी बाजू आहे गं."

मला राग आला आणि तो कुणावर काढावा कळेना. हा सगळा नियम ज्याने केला तो माणूस समोर नव्हता.

"दादा," आई म्हणाली, "ती भट्टीची गोष्ट. तू कुठे संपवतोस?"

"देव हसतो तिथे."

"आणि भाऊजी, तुम्ही?"

काकांनी टेबलाकडे बघितलं. "पुढे आहे थोडी."

"पुढे बायको आहे," आई म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला सगळ्यांनी वाळीत टाकलं. टाकणाऱ्यांचा मुख्य होता त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. तिला ठाऊक होतं, नवऱ्याने जर मन मोकळं करून देवाला गाऱ्हाणं घातलं, तर आपला भाऊ जगायचा नाही. म्हणून ती त्याच्यावर पहारा ठेवायची. त्याला कपाळ जमिनीला टेकूच द्यायची नाही. किती वर्षं, कुणी लिहिलं नाही. एक दिवस दारात भिकारी आला. ती भाकरी द्यायला गेली. परत आली तर नवरा कपाळ टेकून पालथा पडलेला. ती म्हणाली, उठा आता. मारलंत माझ्या भावाला. तेवढ्यात बातमी आलीच." तिने श्वास घेतला. "देवाकडचे सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याच्या गाऱ्हाण्याचा उघडा राहतो. असं आहे ना भाऊजी शेवटी?"

"असंच आहे," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा हात मांडीवरून हलला नाही.

"तुम्ही दोघं खंडांच्या दर फेरीला ही गोष्ट वाचायचात. भट्टीपाशी आरडाओरडा. आणि गोष्टीत बायको आली की चहा मागायचात. मी ट्रे घेऊन यायचे तेव्हा ती दाराशी भाकरी देत असायची. तेवढंच मी नेमकं ऐकलंय, प्रत्येक वेळी."

दादा पुढे झुकला. "आई. बाबा माझ्याबद्दल... गाऱ्हाणं?"

"ते गप्प बसले की मी त्यांना एकटं सोडत नसे. रेडिओ लावायचे. भाजी निवडायला बसवायचे. रात्री कूस बदलली की मी विचारायचे, पाणी हवंय का? तू घरी आलास की तुझ्यावर पहारा, एरवी त्यांच्यावर."

"पण काय म्हणायचे ते?"

"ते मी देवालाही ऐकू दिलं नाही. तुला कशाला सांगू?"

दादाने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. वहिनी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, खांद्यांवर हात ठेवून, आणि पाठीबद्दल काहीही बोलली नाही.

मी आईकडे बघत होते. बाकावर ती अगदी कडेला बसली होती, लगेच उठता यावं तशी. तिच्या मागे दोन खिडक्या, रस्त्याकडच्या. घरातला सगळा उजेड या खोलीत. आई झोपायची ती मागच्या खोलीत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. मी त्या खोलीतच वाढले. मला ते कधी दिसलं नव्हतं, कारण मी इथे, या दारात उभी राहून बाबांना ऐकत असायचे.

"आई," मी म्हणाले, "मी पुन्हा मांडू?"

"मांड."

"तुला इथेच राहायचंय."

"हं."

"एकटीला. या खोलीत, उजेडात. टेबल इथे नको. खंड काकांकडे जावेत. दुपारी काकांनी यावं, पण मागच्या खोलीत, आणि हळू बोलावं. आम्ही विचारल्याशिवाय येऊ नये." मला थांबावंसं वाटत होतं, पण आई वाट बघत होती. "तुला इथे राहायचंय. बाबांशिवाय."

आईने डोळे मिटले. तिचा चेहरा सैल झाला. तो सैल होताना बघायला बारक्याला भिंगांची गरज लागली नाही, मलाही नाही.

"हो," ती म्हणाली. "हेच माझं म्हणणं."

आता बोलायचा हक्क माझा होता. नियमच तसा: दुसऱ्याची पूर्ण मांडली की स्वतःची. सगळे माझी वाट बघत होते, काकाही. माझ्याकडे पुष्कळ होतं. मला ती खुर्ची डुगडुगायला हवी होती, मला त्या भिंतींतून अजून बाबांचा आवाज ऐकू यायला हवा होता, आणि जिने तो आवाज आयुष्यभर ऐकला तिला तो ऐकून झाला असेल, हे मला कबूल नव्हतं.

मी टेबलाचं एक टोक धरलं. "बारक्या, तिकडून उचल."

टेबल दारातून जाईना. दादा म्हणाला, आडवं करा. बारक्या म्हणाला, उभं करा. मग दादा म्हणाला, तुझं बरोबर आहे, उभंच करू, आणि बारक्या म्हणाला, नाही, तू म्हणतोस तेच, आडवं. काकांनी हात वर केला. वहिनीने पुढे होऊन टेबलाचे पाय काढता येतात का ते बघितलं, येत होते. आत्तापर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

"आणि हे शिबिरात सांगू नकोस," आई दादाला म्हणाली.

"नाही गं आई. काहीतरीच काय."

"सांगणार," वहिनी म्हणाली.

सगळं बाहेर गेल्यावर आई खोलीच्या मध्यावर येऊन उभी राहिली. खोली वाटली होती त्यापेक्षा मोठी होती, आणि तीत आवाज घुमत होता. तो नुसता आमच्या पावलांचा होता. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, आणि खिडकीबाहेर बघितलं.

"आता बरं," मी विचारलं, "की आधीचं बरं?"

मला वाटलं होतं ती हसेल. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "नीट बघून सांगते."